अप्पा पास झाले

“अप्पा, हिरवं. हिरवं बटन दाबायचं,” श्रीनिवासदादा तिसऱ्यांदा म्हणाला.

अप्पांनी लाल दाबलं. फोन बंद झाला.

“दोन मिनिटं चाळीस सेकंद,” प्रज्ञावहिनी मनगटावरच्या घड्याळाकडं बघत म्हणाल्या. “काय लिहू?”

“लिही ‘नाही’,” दादा म्हणाला आणि त्यानं स्वतःचा फोन अप्पांच्या मांडीवरून उचलून शर्टाला पुसला.

आईचं तेरावं आदल्या दिवशी झालं होतं. पाहुणे पांगले होते. स्वयंपाकघरात उरलेल्या बुंदीच्या लाडवांचं पातेलं तसंच झाकून पडलं होतं आणि बाहेरच्या खोलीत कॉटवर आम्ही चार फोन ओळीनं मांडून बसलो होतो. दादाचा कंपनीनं दिलेला मोठा फोन, वहिनींचा, माझा, आणि मी सांगलीहून, आमच्या दुकानातून आणलेला साधा बटनांचा. दादानं एका कागदावर रेघा मारून तक्ता केला होता. फोन लावणं, आलेला फोन घेणं, मेसेज लिहिणं, तातडीला आम्हा दोघांपैकी एकाला गाठणं. प्रत्येक फोनवर अप्पांना हे चार जमतं का, किती वेळात जमतं, ते लिहायचं.

“आमच्याकडं नवीन काही आलं की असंच करतात,” तो म्हणाला. “उगाच वाटतं-बिटतं असं नको. कळलं पाहिजे.”

त्याच्या तुळतुळीत डोक्यावर बारीक केसांची सावली यायला लागली होती. मी त्या डोक्याकडं बघत होते. मला काहीच वाटत नव्हतं. आई गेल्यापासून मला काहीच वाटत नव्हतं, हे खरं सांगते. लोक गळ्यात पडून रडले, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि चहाला किती कप लागतील ते मोजलं. फोन मांडायला सांगितले, मी मांडले.

पण त्या तक्त्यावर काय ठरणार होतं ते आम्हा चौघांनाही पक्कं ठाऊक होतं. अप्पांना फोन जमला, तर ते कराडला त्यांच्या घरात राहणार. नाही जमला, तर दादा त्यांना उद्याच पुण्याला घेऊन जाणार. दादानं हे दहाव्याच्या दिवशी घाटावरनं परत येतानाच सांगितलं होतं. “त्यांना बीपी आहे. पडले, चक्कर आली, तर साधा एक फोन करता आला पाहिजे. नाहीतर मी त्यांना एकटं सोडणार नाही. माझं तिकडं लक्ष लागायचं नाही.”

त्यावर मीच म्हणाले होते, “अप्पांना पुण्यात करमायचं नाही. पेठेत सगळी त्यांची माणसं आहेत. ते इथंच राहणार.”

अप्पा रिक्षात आमच्या दोघांच्या मधे बसले होते. ते काही बोलले नाहीत. ते तसेही बोलायचे नाहीत. चौतीस वर्षं त्यांनी टायपिंग शिकवलं. बारटक्के टायपिंग इन्स्टिट्यूट, घराच्या खालच्याच गाळ्यात. एका वेळी बावीस मशीनं खडखडायची. त्यात बोलून कुणाला ऐकू येणार? ते बोटानं दाखवायचे. पाठ वाकली की पाठीवर, मनगट खाली आलं की मनगटावर. पुढं कॉम्प्युटर आले, पोरं कमी झाली, मशीनं भंगारात गेली आणि गाळ्यात झेरॉक्सवाला आला. अप्पांचं बोलणं काही वाढलं नाही.

“आता हेमाचा घ्या,” दादा म्हणाला.

मी माझा फोन उघडून अप्पांच्या हातात दिला. “अप्पा, दादाचा नंबर लावा. दहा आकडे. सावकाश.”

अप्पांनी चष्मा वर सरकवला. एकेक आकडा दाबला. मी खांद्यावरून बघत होते. नऊ आकडे बरोबर आले. दहावा चुकला.

“अरेरे! एवढं जवळ येऊन,” वहिनी हळहळल्या.

“पुन्हा,” दादा म्हणाला.

पुन्हा नऊ बरोबर, दहावा चूक. कुणी बाई उचलून ‘कोण बोलतंय’ म्हणाली, तर अप्पांनी फोन घाईघाईनं माझ्याकडं दिला. मी माफी मागून ठेवला.

वहिनींच्या फोनवर त्यांना आलेला फोन घेता आला नाही. घंटा वाजत राहिली, वहिनी आतल्या खोलीतून “घ्या, अप्पा, घ्या” म्हणत राहिल्या, अप्पा पडद्यावरून बोट उलट्या दिशेनं फिरवत राहिले. बटनांच्या फोनवर मला वाटलं होतं की काम फत्ते. आमच्या दुकानात साठीपुढचं माणूस आलं की मी डोळे झाकून तोच काढायची. अप्पांनी त्यावर मेसेज लिहायला घेतला, ‘मी बरा आहे’ एवढाच, आणि ‘मी’ वरच दहा मिनिटं काढली. मग म्हणाले, “बटनं फार लहान आहेत.”

“आयुष्यभर बटनं बडवली तुम्ही, अप्पा,” दादा म्हणाला. त्याला हसू आणि रडू दोन्ही एकदम येत होतं. “अख्ख्या तालुक्याला टायपिंग शिकवलं.”

“म्हणूनच,” मी म्हणाले. मी मोबाइलच्या दुकानात नऊ वर्षं काउंटरला होते, मला या विषयावर कुणी बोललेलं खपायचं नाही. “टायपिंगवाल्यांचं असंच असतं. त्यांना जोरात दाबायची सवय. बटन खाली गेलेलं बोटाला कळावं लागतं. काचेवर काय कळणार? माझ्याकडं कोर्टातले एक रिटायर क्लार्क यायचे, त्यांचंही हेच.”

“असेल बाई,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी तक्ता दादापुढं ठेवला. सोळापैकी तेरा खणांत ‘नाही’ होतं.

दादानं कागद बघितला, घडी घातली. “झालं मग. अप्पा, उद्या सकाळी निघू. तुमचे कपडे तेवढे हेमा भरून देईल. बाकी नंतर नेऊ.”

“मी तर खोली रिकामी करूनच आलेय,” वहिनी म्हणाल्या. “बाथरूममधे धरायला दांडा पण बसवून घेतलाय.”

तो दांडा माझ्या डोक्यात गेला. म्हणजे परीक्षा घ्यायच्या आधीच निकाल लागलेला! मला एकदम राग आला. तेरा दिवसांत मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि तो राग होता, म्हणून मला तो बराही वाटला. वहिनींनी प्रेमानं केलं होतं, हे आज कळतं. तेव्हा मला वाटलं, या दोघांना घाई झालीय. आणि खरं काय होतं तेही सांगून टाकते. या घराला कुलूप लागलं की माझं माहेर संपणार होतं. आई गेली ती गेली, पण दिवाळीला यायला दार तरी उघडं हवं होतं. मी त्याला अप्पांचं मन असं नाव दिलं.

“थांब,” मी दादाला म्हणाले. “तुझ्या तक्त्याला काही अर्थ नाही. तुम्ही स्वतःसाठी घेतलेले फोन त्यांच्यापुढं टाकताय. गिऱ्हाईक बघून फोन सेट करून द्यावा लागतो, तेच तर माझं काम आहे. मला चार वाजेपर्यंत वेळ दे.”

“कशाला हट्ट करतेस, हेमे?”

“चार वाजेपर्यंत. तेव्हा नाही जमलं तर मी स्वतः त्यांची बॅग भरते.”

दादानं अप्पांकडं बघितलं. अप्पा तक्त्याच्या घडी केलेल्या कागदाकडं बघत होते. “बरं,” दादा म्हणाला.

आईचा फोन देवघराजवळच्या प्लगला लावलेला होता. ती गेली त्या सकाळपासून तो तिथंच होता, कुणी हात लावला नव्हता. दोन वर्षांपूर्वी मीच तिला दिला होता. दुकानात त्याच्यासारखा सोपा टच फोन तेव्हा दुसरा नव्हता, आणि आईनं तो पटकन उचललाही होता. ती मला रोज मेसेज करायची. मी तो प्लगवरून काढला. दुकानात परत आलेला फोन असतो तसा मी तो घेतला आणि सगळं पुसून टाकलं. नंबर, फोटो, मेसेज, सगळं. कोरा केला. मग पडद्यावर फक्त दोन चौकोन ठेवले, तळहाताएवढे. एकात दादाचा फोटो, एकात माझा. फोटोला बोट लावलं की फोन लागणार. बाकी कुठं काही दाबलं जाणार नाही, उघडणार नाही, चुकायला जागाच ठेवली नाही. मला माझ्या कामाचा अभिमान होता. मी असे कितीतरी फोन म्हाताऱ्यांना सेट करून दिले होते आणि त्यांची मुलं परत येऊन माझे आभार मानायची.

अप्पा मागच्या गॅलरीत स्टुलावर बसले होते. मी त्यांच्या शेजारी खाली बसले.

“बघा, अप्पा. आता ना आकडे, ना हिरवं-लाल. नुसतं माझ्या तोंडाला हात लावायचा.”

त्यांनी फोन ओळखला. “हा तर तिचा.”

“हो.”

“यातलं सगळं पुसलंस?”

“पुसलं. म्हणजे तुमचा गोंधळ व्हायला नको.”

“बरं,” अप्पा म्हणाले. त्यांनी फोन उलटा करून मागची बाजू बघितली, पुन्हा सुलटा केला. मग म्हणाले, “जमलंच पाहिजे का गं?”

“जमणार! मी आहे ना. अहो, काय अवघड आहे त्यात?”

“नाही जमलं तर?”

“तर पुणं. जा मग त्या दहाव्या मजल्यावर आणि बसा बंद दारात.”

“सातवा आहे,” अप्पा म्हणाले. “प्रज्ञा सांगत होती. लिफ्ट आहे. खाली बाग आहे म्हणे, सकाळी म्हातारी माणसं येतात तिथं. पेपर वाचत बसतात.”

“येतात हो. पण तुम्हाला तिथं कोण ओळखतंय? इथं तुम्ही खाली उतरलात तर दहा माणसं सर म्हणून हाक मारतात.”

अप्पांनी मान हलवली. मला ती होकाराची वाटली.

चार वाजले. दादा आत जाऊन बसला, त्याचा फोन पुढं ठेवून. वहिनी दारात उभ्या. मी गॅलरीत अप्पांपाशी.

“हं, अप्पा,” दादानं आतून हाक दिली. “लावा मला.”

अप्पांनी फोन मांडीवर धरला. पडद्यावर दादाचा लग्नातला फोटो होता, फेटा घातलेला. अप्पांनी उजवा हात उचलला. तर्जनी फोटोवर आणली. तिथंच थांबवली. बोट काचेपासून अर्धा इंच वर होतं आणि अजिबात हलत नव्हतं.

“लावा की,” मी हळूच म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग पुन्हा फोनकडं. बोट खाली येईना.

“होतंय का?” दादा आतून.

“एक मिनिट!” मी ओरडले.

वहिनींनी घड्याळाकडं बघितलं. मला वाटलं, झालं, आता ही लिहिणार ‘नाही’. वहिनींच्या आणि अप्पांच्या मधे माझी पाठ होती. मी अप्पांचं बोट धरलं आणि दाबलं.

आत दादाचा फोन वाजला.

“आला! आला!” दादा धावत बाहेर आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “जमलं की, अप्पा! अरे वा! जमलं!”

अप्पा माझ्याकडं बघत होते. मी त्यांचं बोट अजून धरलं होतं. ते सोडलं.

“जमलं,” मी म्हणाले.

“पुन्हा एकदा घेऊ या,” वहिनी म्हणाल्या. त्या काटेकोर होत्या.

पुन्हा घेतलं. या वेळी अप्पांनी क्षणभरही न थांबता बोट टेकवलं आणि दादाचा फोन वाजला. मग माझा फोटो, माझा वाजला. मग दादानं बाहेरून केला, तो त्यांनी पहिल्या घंटेला घेतला आणि कानाला लावून म्हणाले, “बोल.” तीनदा घेतलं, तिन्ही वेळा दहा सेकंदांच्या आत. वहिनींनी तक्त्याखाली नवी ओळ काढली आणि मेसेजचा खण सोडून सगळीकडं ‘हो’ लिहिलं.

“पास!” दादा म्हणाला. “काय, सर? पास झालात!”

अप्पा थोडे हसले. “हो,” म्हणाले. “चहा करा आता कुणीतरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा-वहिनी पुण्याला गेले आणि दुपारी मी सांगलीला. बसमध्ये मला गाढ झोप लागली. मी जिंकले होते.

अप्पा एकटे राहिले. डबा लावला होता, एक बाई भांडी-कपड्याला यायची. रोज सकाळी साडेआठला मला फोन यायचा. “उठलो. चहा झाला. ठेवतो.” तेवढंच. दादालाही असाच. दादा मला म्हणायचा, “तुझ्यामुळं झालं, हेमे. नाहीतर मी त्यांना उगाच फरफटत आणलं असतं.” मला बरं वाटायचं. मला त्या दिवसांत बाकी काही फारसं वाटायचं नाही. दुकान, घर, सासूबाईंच्या गोळ्या, नवऱ्याचा डबा. साडेआठचा फोन आला की दिवसाची एक गोष्ट उरकायची.

जुलैत दादाला कंपनीनं तीन वर्षांसाठी मस्कतला पाठवायचं काढलं. तो नाही म्हणणार होता. मग त्यानं मला विचारलं, मी म्हणाले, “जा की. अप्पांचं छान चाललंय.” त्यानं अप्पांना विचारलं, अप्पा म्हणाले, “जा.” ऑगस्टमध्ये ते दोघं गेले आणि पुण्याचा फ्लॅट भाड्यानं दिला.

नवरात्रात मी दोन दिवस कराडला गेले. अप्पा डबा आणायला खाली गेले होते, तोवर शेजारच्या ढवळेकाकू आल्या. या आईच्या मैत्रीण, आईबरोबर चाळीस वर्षं भाजीला जायच्या.

“कसं चाललंय गं तुझं?” असं तसं झालं. मग म्हणाल्या, “अप्पांचे मेसेज मात्र बंद झाले बघ. आम्हाला चुकल्यासारखं होतं.”

“अप्पांचे कसले मेसेज?”

“अगं, आपल्या पेठेतल्या बायकांचा ग्रुप नाही का. तुझी आई असताना रोज काहीतरी यायचं तिच्या नावानं. आज पाणी उशिरा येणार, गवार चांगली आलीय, कुणाची सून बाळंत झाली. ते अप्पाच लिहायचे ना सगळं. काय सुरेख लिहायचे! एक चूक नाही.”

“आई लिहायची ते, काकू.”

“कुठलं! तिला काय दिसत होतं? साखरेनं डोळे अधू झाले होते तिचे. तुम्हाला सांगू नका म्हणाली होती, पोरं ऑपरेशन काढतील म्हणून. अक्षरच दिसायचं नाही तिला. ती खाटेवर पडून सांगायची, हे खुर्चीत बसून टकाटका टाइप करायचे. मी हसायची, म्हटलं सर, इन्स्टिट्यूट परत सुरू केलीत की काय. दोन्ही अंगठ्यांनी काय फिरायचे ते! मलाच शिकवला त्यांनी हा फोन. कुणी ग्रुपात टाकायचं, कुणाला काढायचं, सगळं.”

काकू आणखी काय काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. त्या गेल्यावर मी माझा फोन काढला. आईचे दोन वर्षांचे मेसेज माझ्याकडं होते. वर जात जात वाचत गेले. ‘हेमा, पावसाळी चपला आण, त्या जुन्या निसटतात.’ ‘हेमा, सासूबाईंना उलट बोलू नकोस, पण ऐकून पण घेऊ नकोस.’ प्रत्येक स्वल्पविराम जागच्या जागी. प्रत्येक पूर्णविरामानंतर दोन मोकळ्या जागा. तसं फक्त टायपिंगवाले सोडतात. मी दोन वर्षं ते वाचत होते आणि फोनची तज्ज्ञ म्हणवत होते.

अप्पा डबा घेऊन वर आले. चपला काढल्या, डबा ओट्यावर ठेवला, चहाचं आधण टाकलं.

“अप्पा,” मी म्हणाले, “आईचे मेसेज तुम्ही लिहायचात?”

त्यांनी गॅस बारीक केला. “काकू आल्या होत्या वाटतं.”

“लिहायचात ना?”

“ती सांगायची. मी लिहायचो.”

“सगळे?”

“सगळे तिचे नाहीत,” ते म्हणाले. “शेवटी शेवटी ती दमायची. मग मीच लिहायचो, तिच्या नावानं. तुझ्याशी बोलायचं म्हणजे मला तेच बरं पडायचं.”

मी दाराच्या चौकटीला टेकले.

“मग त्या दिवशी? चार फोन मांडले होते तेव्हा? नऊ आकडे बरोबर आणि दहावा चूक? हिरवं सांगितलं तर लाल?”

“चुका करणं अवघड असतं,” अप्पा म्हणाले. “खरं टायपिंग करणाऱ्याची चूक शेजारच्या अक्षरावर पडते. मी लांबची दाबत होतो. मला वाटलं होतं, तुझ्या लक्षात येईल. तू एवढी माणसं बघतेस.”

“पण का?”

त्यांनी साखर टाकली. चमचा धुऊन ठेवला.

“मला नापास व्हायचं होतं,” ते म्हणाले. “श्रीनिवासनं सांगितलं होतं ना, जमलं नाही तर नेईन. मग नापास झालं की झालं. मागावं लागत नाही.”

“सांगायचं होतंत! तोंडानं एकदा सांगायचं होतंत, की मला जायचंय!”

“काय सांगायचं? मुलाला म्हणू, मला एकट्याला झोप लागत नाही? ती गेल्यापासून मी आतल्या खोलीत गेलेलो नाही, हेमा. बाहेर कॉटवर पडतो, दिवा लावून. हे मी सुनेसमोर कसं बोलू? मी कधी कुणाकडं काही मागितलेलं नाही.” मग म्हणाले, “आणि तूच म्हणत होतीस, अप्पांना इथंच राहायचंय. तू इतकी ठाम होतीस, मला वाटलं, तुला हे घर हवंय. मग म्हटलं, राहू दे.”

“मी तुमचं बोट दाबलं.”

“हो.”

“तेव्हा तुम्ही बोट अडवून धरलं होतंत.”

“धरलं होतं. तू दाबलंस, मग अडवून काय उपयोग? नंतर मी नीट लावले सगळे.”

चहा उतू यायला आला, त्यांनी तो बरोबर वेळेवर उतरवला. मी तिथं उभी होते. रडू यायला हवं होतं. मी वाट बघितली, आलं नाही. मला फक्त एवढंच कळत होतं की मस्कत लांब आहे, फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत, आणि या घरापासून दोन तासांवर एकच घर आहे जिथं अप्पा जाऊ शकतात, आणि ते माझं आहे. दोन खोल्या. एकीत सासूबाई. नवऱ्याला विचारावं लागणार. सासूबाई काय म्हणतील ते शब्दासकट पाठ होतं मला. तरी म्हणता आलं असतं. ‘अप्पा, माझ्याकडं चला.’ तीन शब्द. आधी म्हणायचं, मग बघू. मी तोंड उघडलं.

अप्पांनी गाळणं बशीत ठेवलं आणि कप माझ्याकडं केला.

“तुला विचारत नाहीये मी,” ते म्हणाले. “घाबरू नकोस.”

मी कप घेतला. चहा प्याले. चांगला झाला होता, तसं म्हणाले पण. मग त्यांनी डबा उघडला, आम्ही जेवलो. दुसऱ्या दिवशी दुपारची सांगलीची गाडी होती, ती मी पकडली. अप्पा त्या घरात आणखी चार वर्षं एकटे राहिले.